सेंट्रलच्या चार लाइनी

"तो लोकरीचा स्वेटर घालून टेबलाजवळ येऊ नकोस," आयली म्हणाली. "एक ठिणगी उडाली तर सगळं मातीत जाईल."

ओन्नी दारातच थांबला. छपरावरचा बर्फ लोटून तो नुकताच खाली उतरला होता. मिशीला बर्फाचे खडे लटकत होते, नाक लाल झालं होतं, आणि स्वतःच्याच स्वयंपाकघरात त्याला बंदी झाली होती. शनिवारी दुपारी ज्या टेबलावर वेलदोड्याच्या पावाची वेणी फुगत पडलेली असायची, तिथे आज कॉम्प्युटर आडवा पडला होता, झाकण काढलेला, पोटातल्या वायरी उघड्यावर.

"मला कॉफी पाहिजे."

"शेगडीवर आहे. भिंतीच्या कडेने जा."

"लग्नाला चाळीस वर्षं झाली," भिंतीला पाठ घासत सरकणारा तिचा नवरा म्हणाला, "आणि आज माझ्यापेक्षा या डबड्याला मान जास्त."

"डबडं घोरत नाही."

आयलीने स्वतः सुती ॲप्रन घातला होता. तिने सिंकच्या नळाला हात लावला. जानेवारीत फिनिश वस्तीच्या पेल्टो गावाची हवा इतकी कोरडी असते, की दाराच्या मुठीचा झटका बसण्याआधीच माणूस शिवी देऊन घेतो. अंगातली वीज नळातून गेली अशी खात्री पटल्यावर तिने चंदेरी पिशवीतून कार्ड बाहेर काढलं. हिरवीगार पट्टी, खालच्या कडेला सोनेरी दात. मागून तिला एक जाड केबल जोडायची, त्या केबलला चार तोंडं. चार तोंडांना चार मोडेम, आणि चार मोडेमना टेलिफोनच्या चार लाइनी.

घरचा फोन सोडून आणखी चार लाइनी म्हणजे गावाला थट्टेला आयता विषय. पण या घराला ते नवं नव्हतं. पेल्टोचं टेलिफोन एक्सचेंज एके काळी याच घराच्या पुढच्या खोलीत होतं. आयली ऐन तारुण्यात त्या स्विचबोर्डासमोर बसली ती केस पांढरे व्हायला लागेपर्यंत. गावाला तिचं नाव घ्यायची गरजच पडत नसे. फोन उचलायचा आणि म्हणायचं, "सेंट्रल, डॉक्टर कुठे सापडेल?" "सेंट्रल, खाणीचा भोंगा अवेळी का वाजला?" आणि सेंट्रलला ते ठाऊक असे. ती दोरी उचलायची, भोकात खुपसायची, आणि या घरातला माणूस त्या घरातल्या माणसाशी बोलायला लागायचा.

मग एका पानगळीत कंपनीने रस्त्यापलीकडे एक पत्र्याची पेटी बसवली. तिच्यात सगळं आपोआप व्हायचं. कंपनीची माणसं स्विचबोर्ड उचलून घेऊन गेली. भिंतीतून आलेली तारांची जाड मोळी तेवढी तिथेच राहिली. "आता आराम कर," असं जो तो म्हणाला, आणि त्या शब्दाचा आयलीला इतका संताप आला की पुढच्याच सोमवारी ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. मुलांच्या ताटात बटाटे वाढण्यात काही वाईट नव्हतं. पण बटाटा वाढल्यावर दोन माणसं बोलायला लागत नाहीत.

निवृत्त झाल्यावर तिने हाउटनच्या कॉलेजने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर घरी आणला, त्याला मोडेम लावला, आणि गावासाठी एक बोर्ड सुरू केला. ज्याच्या घरी कॉम्प्युटर असेल त्याने आयलीच्या नंबरला फोन लावायचा आणि तिच्या यंत्रात शिरायचं. निरोप वाचायचे, निरोप ठेवायचे, कोणाकडे ट्रॅक्टरला लावायच्या साखळ्या आहेत ते विचारायचं. बोर्डाचं नाव तिने ठेवलं सेंट्रल. अडचण एकच होती. लाइन एक, त्यामुळे आत माणूसही एकच. दुसऱ्याने फोन लावला की त्याला एंगेज टोन. लोक एकामागून एक येत आणि एकमेकांसाठी चिठ्ठ्या ठेवून जात. गाठ कोणाचीच कोणाशी पडत नसे.

इतरांचं त्याने काही अडत नव्हतं. अडत होतं रेइनोचं.

रेइनो आयलीचा धाकटा भाऊ. तो शाळेची बस चालवायचा, पण गावात ओळखला जायचा तो तोंडासाठी. को-ऑप दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर रेइनो बसला की शेजारचे लोक खुर्च्या ओढून जवळ यायचे. कोणी त्याला टोमणा मारावा आणि त्याने तो हवेतल्या हवेत पकडून दुप्पट जोराने परत फेकावा. गेल्या वर्षी घशात गाठ निघाली, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं, आणि रेइनो वाचला. लोकांनी देवाचे आभार मानले. रेइनोने गळ्यात एक छोटी पाटी अडकवली.

काही आठवडे तो कॉफीला आला. टोमणा यायचा, रेइनो पाटी घ्यायचा, लिहायचा, आणि पाटी वर करेपर्यंत टेबलावर हरणाच्या शिकारीची गोष्ट सुरू झालेली असायची. मग सगळे एकदम गप्प होऊन, मान तिरकी करून, आजाऱ्याची विचारपूस करावी तसे ती पाटी वाचायचे आणि दयाळूपणे हसायचे. त्या दयाळू हसण्याने रेइनोला घरी पाठवलं. तो परत आलाच नाही. आयलीने त्याला मोडीतला आणखी एक कॉम्प्युटर दिला, बोर्डावर ये म्हणाली. तो आला, दोन-चार चिठ्ठ्या ठेवल्या, आणि थांबला. का, असं तिने विचारलं तेव्हा त्याने पाटीवर लिहिलं: उलट उत्तर दुसऱ्या दिवशी पोचलं तर त्याला उत्तर म्हणत नाहीत, तक्रार म्हणतात.

आणि गेल्या रविवारी त्याने लिहिलं, की घर विकून सॅगिनॉला मुलीकडे जातो. आयली त्याच्यावर ओरडली. तिथे तुझं कोण आहे, कोणाला ओळखतोस तू तिथे? रेइनोने शांतपणे पाटी पुसली आणि लिहिलं: कोणाला नाही. तिथे मी मुका आहे हे कोणाला जाणवणार नाही. इथे सगळ्यांना माझा आवाज आठवतो.

आयलीने एवढंच मागून घेतलं, की शनिवारी चार वाजता एकदा बोर्डावर ये. को-ऑपमधले लॉरेटा आणि आर्वो पण असतील, सगळे एकाच वेळी, कॉफीच्या टेबलावर असतात तसे. नाही जमलं तर मीच तुझं सामान बांधायला येते. रेइनोने होकारार्थी मान हलवली होती. म्हणून आज हे कार्ड.

तिने मागच्या फटीवरची पत्र्याची पट्टी स्क्रू काढून सोडवली, कार्ड खाचेवर टेकवलं आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. ते जाईना. तिने उभं राहून अंगाचा भार टाकला. कट्ट असा आवाज झाला आणि सोनेरी दात आत बसले. जुन्या मोडेमची लाइन तिने पहिल्यासारखीच यंत्राच्या मूळच्या तोंडाला राहू दिली. उरलेले तीन मोडेम कार्डाच्या केबलला जोडले.

लॉरेटा बोदोइन, जी आपल्या तळघरात गावातल्या बायकांचे केस कापायची, तिने ठरल्याप्रमाणे दोन वाजता फोन लावला. दुसऱ्या मोडेमचा लाल दिवा लागला. पडद्यावर अक्षरं उमटली: "अगं बाई, आले की मी आत!" मग खाणीतून निवृत्त झालेला आर्वो सालमी पहिल्या लाइनवर आला. त्याचा दिवा लागला, आणि लॉरेटाची अक्षरं वाक्याच्या मध्येच थिजली.

पाच मिनिटांनी घरचा फोन वाजला. "आयली, मी बडवतेय बडवतेय आणि काही उमटतच नाही," लॉरेटा म्हणाली. "मी मेले का गं?"

"मेली असतीस तर बोलली नसतीस. परत लाव."

परत लावल्यावर लॉरेटा जिवंत झाली आणि आर्वो गेला. तिसऱ्यांदा आर्वो आला आणि लॉरेटा गेली. दोघं एकाच वेळी आत राहीनात. आयलीने यंत्र बंद केलं, कार्ड काढलं, परत दाबून बसवलं. पुन्हा तेच. घड्याळ तीनच्या पुढे गेलं होतं.

"कागदावर काय लिहिलंय?" ओन्नीने विचारलं. स्वेटर काढून आल्यामुळे त्याला आता टेबलाजवळ प्रवेश मिळाला होता.

आयली चिडली, कारण कागदावर काय लिहिलंय ते तिला पाठ होतं. यंत्रातल्या ज्या भागाला काही सांगायचं असेल, तो एका ठरावीक आकड्याच्या तारेवरून हाक मारतो. कार्डाची तार कोणती ते एका इवल्याशा काळ्या टोपीने ठरतं. ती टोपी ज्या दोन काट्यांवर बसवाल तो तिचा आकडा. आणि ठळक अक्षरांत बजावलं होतं, की जो आकडा आधीच कोणी वापरतोय तो देऊ नका. मूळचा मोडेम चार नंबरच्या तारेवर होता. आयलीने कार्डही चारवरच ठेवलं होतं, जाणूनबुजून.

"हे लिहिणारं पोर कालचं," ती म्हणाली. "एका तारेवर दोघं नकोत म्हणे! मी एका तारेवर अकरा घरं चालवलीत. सालमींची घंटा दोन लांब, एक आखूड. माकींची तीन आखूड. ज्याची घंटा त्याने उचलायचा. कधी अडलं होतं का?"

"नाही अडलं," ओन्नी म्हणाला. मग कप खाली ठेवत त्याने सहज विचारलं, "पण यात घंटा कोण वाजवतं?"

"म्हणजे?"

"सालमींना दोन लांब, एक आखूड. ते आपोआप नाही वाजायचं. कोणीतरी वाजवायचं."

"मी वाजवायचे," आयली म्हणाली, आणि तोंड उघडंच राहिलं.

ती खुर्चीवर बसली. तार होती म्हणून ती अकरा घरं नांदली नव्हती. मध्ये कोणीतरी बसलेलं होतं, ज्याला कोणाची हाक कोणासाठी ते कळत होतं. या डबड्यात चारच्या तारेवर कोणीतरी हाक मारत होतं आणि ती कोणाची हे पाहायला तिथे कोणीच नव्हतं. जो नंतर ओरडेल त्याला ओ मिळत होती, आधीचा दारात उभा राहत होता. आपण मूर्खपणा केला याची तिला लाज वाटली, आणि त्याच क्षणी आनंदही झाला, इतका की तो लपवता येईना. तारांनी नाही, तिने ते गाव जोडून ठेवलं होतं. हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"काय झालं? रडतेस कशाला?"

"रडत नाहीये. तो कागद दे इकडे."

मागच्या पानावर हवं ते सापडलं. कार्डाची चार तोंडं आपसात एकच तार वापरू शकत होती, कारण कोणत्या तोंडाने हाक मारली याची खूण कार्ड स्वतः ठेवत होतं. म्हणजे मध्ये बसणारी तिथे होती. चौघांनाही तिच्याच हाताखाली द्यायचं, जुनं तोंड रिकामं ठेवायचं, आणि कार्डाला सगळ्यांपासून वेगळी, एकट्याची तार द्यायची. पाच नंबर मोकळा होता.

तिने कार्ड बाहेर काढलं आणि भुवया कोरायच्या चिमट्याने ती काळी टोपी उचलली. टोपी चिमट्यातून उडाली आणि खालच्या चिंध्यांच्या गालिच्यात कुठेतरी गेली.

"हलू नकोस!" दोघंही एकदम एकमेकांवर ओरडली.

मग साठी उलटलेली दोन माणसं गुडघ्यांवर बसून गालिच्याची एकेक पट्टी विंचरायला लागली. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी ती वस्तू, आणि गालिचा आयलीच्या आईने विणलेला, ओन्नीच्या साऱ्या जुन्या पँटी पचवून बसलेला. ओन्नीने टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरला. आयली जे तोंडाला येईल ते फिनिशमध्ये पुटपुटत होती, आणि त्यातलं काहीही चर्चमध्ये चालण्यासारखं नव्हतं.

"सापडली," ओन्नी म्हणाला. "माझ्या तपकिरी पँटीत होती."

"ती पँट कधीच कामाला आली नव्हती. आज आली."

टोपी पाचवर बसली. आयलीने पुन्हा नळाला हात लावला, कार्ड दाबलं, कट्ट. चारही मोडेम केबलला जोडले. यंत्र सुरू करून बोर्डाच्या प्रोग्रामलाही नवा आकडा सांगितला. झाकण लावायला वेळ नव्हता, चार वाजलेच.

पहिला दिवा लागला. लॉरेटा. दुसरा दिवा लागला. आर्वो. लॉरेटाने लिहिलं, "आर्वो, आहेस का?" बऱ्याच वेळाने, एका बोटाने दाबलेली अक्षरं आली: "आहे." दोघंही आत होती, दोघांचीही अक्षरं चालत होती. ओन्नीने टेबलावर मूठ आपटली आणि आयलीने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने ती मूठ खिशात घातली.

तिसरा दिवा लागेना. लॉरेटा आणि आर्वो बर्फाबद्दल बोलले. कोणाच्या छपराला तडा गेला त्याबद्दल बोलले. आयली तिसऱ्या मोडेमकडे पाहत राहिली. तो येणार नाही, तो खोकी भरत असेल, असं तिला वाटायला लागलं. मग मोडेम एकदम किंचाळला, आणि पडद्यावर ओळ आली: रेइनो आत आला आहे.

आत आल्यावर मात्र तो गप्प. तिकडे कोणी काही लिहीना, जसे को-ऑपमध्ये सगळे पाटी वर होण्याची वाट पाहत, तसेच. शेवटी आर्वोचं वाक्य सुरू झालं, "आ ज थं डी", आणि मध्येच अडकलं.

"आर्वो," लॉरेटाने लिहिलं, "तू टाइप करतोयस की विहीर खणतोयस?"

तिचं वाक्य संपतं न संपतं तोच खाली उमटलं:

"खणू दे त्याला. तीस वर्षं खाणीत काही सापडलं नाही. इथे सापडेल."

लॉरेटाकडून ओळभर ह आले. ओन्नी मोठ्याने हसला. आर्वोने या खेपेला कमालीच्या वेगाने, चुका करत करत लिहिलं, "मी निदान शाळेची बस तळ्यात नाही घातली!"

"तळ्यात नाही, तळ्यावर. बर्फ होता. आणि मुलं उतरताना म्हणाली, उद्या परत जाऊ."

आता कोणी कोणासाठी थांबत नव्हतं. एकाची ओळ दुसऱ्याच्या ओळीवर चढत होती, लॉरेटा दोघांनाही झापत होती, आर्वो मागच्या टोमण्याचं उत्तर पुढच्याला देत होता आणि त्याने आणखी फसत होता. कोणी मान तिरकी करत नव्हतं. इथे सगळेच मुके होते, आणि मुक्यांत रेइनोचा हात कोणी धरू शकत नव्हतं. लॉरेटाने विचारलं, उद्या चर्चला येणार का. रेइनोने लिहिलं:

"पास्टर नुर्मींचं प्रवचन सुरू झालं तेव्हा मी गुळगुळीत दाढी करून गेलो होतो. संपलं तेव्हा पुन्हा करावी लागली."

चौथा दिवा लागला. पडद्यावर ओळ आली: पास्टर नुर्मी आत आले आहेत.

"अरे देवा," आयली म्हणाली. पास्टर रोज संध्याकाळी निरोप बघायला येत, त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. आत येणाऱ्याला मागच्या काही ओळी आपोआप दिसत असत. मग हळूच उमटलं:

"वाचलं मी, रेइनो."

उत्तर तिथल्या तिथे आलं. "बरं झालं वाचलंत, पास्टर. ऐकावं लागलं असतं तर तुम्हालाही डुलकी लागली असती."

आयलीने डोळे मिटून घेतले. मग ओन्नीने तिचा खांदा हलवला, आणि तिने पाहिलं तर पास्टरसाहेबांकडून ह, ह, ह, एक अख्खी ओळ भरून, आणि खाली: "उद्या आखूड करतो. पण तू पहिल्या बाकावर बसायचंस. हा सौदा आहे."

"बसतो," रेइनोने लिहिलं.

"आणि सॅगिनॉ?" लॉरेटाने विचारलं. ती बाई कधीच आडून विचारत नसे.

या उत्तराला मात्र वेळ लागला.

"मुलीला कळवतो. उन्हाळ्यात येईन म्हणून. पाहुणा म्हणून."

आयलीने ॲप्रनचं टोक डोळ्यांना लावलं आणि या वेळी रडत नाहीये असं म्हणण्याची तसदी घेतली नाही. चारही लाल दिवे एका ओळीत जळत होते. इतका वेळ तिने स्वतः एकही अक्षर टाइप केलं नव्हतं. ऑपरेटरने लाइन जोडायची आणि बाजूला व्हायचं, ही शिस्त तिच्या बोटांत मुरलेली होती. गाव जुन्या काळी गप्पा मारता मारता मध्येच थट्टेने विचारायचं, सेंट्रल, तू ऐकतेयस ना? त्याला उत्तर द्यायचं नाही, हा कंपनीचा नियम होता, आणि तिने तो एकदाही मोडला नव्हता.

पडद्यावर रेइनोची ओळ आली.

"सेंट्रल, तू ऐकतेयस ना?"

आयलीने खुर्ची पुढे ओढली.

"ऐकतेय," तिने लिहिलं.

त्याच्याखाली, एका बोटाने, एकेक अक्षर करत आर्वोचं वाक्य उमटायला लागलं, आणि ते पुरं होईपर्यंत लॉरेटा, पास्टर, रेइनो, सगळे थांबले:

"म ला ठा ऊ क च हो तं."